सगळ्यांना जमणारा शनिवार

"चोवीस मे? बाबा, चोवीस मेला नीन्केची पोहण्याची परीक्षा आहे. दोनदा सांगितलंय मी तुम्हाला."

आल्के केक कापायची सुरी हातात धरूनच बोलत होती. तिच्या मुलीचा, नीन्केचा, सातवा वाढदिवस होता. खोलीत खुर्च्या गोल मांडलेल्या, प्रत्येकाच्या मांडीवर बशी आणि बशीत केकचा एकेक तुकडा. तिन्ही मुलं एका खोलीत सापडली आहेत तर आत्ताच विचारून टाकावं, असं हार्मेनला वाटलं होतं. बेटावरच्या पक्षी अभयारण्यात फोन करून त्याने सहा जणांच्या जागाही धरून ठेवल्या होत्या. तो स्वतः, आल्के, नीन्के, मुलगा रेमको, रेमकोची मुलगी फ्लूर आणि धाकटी मारित. आल्केचा नवरा आठवड्याचे सहा दिवस ट्रकवर असायचा, त्याला कुठल्याच बेतात कोणी मोजत नसे.

"मग एकतीस?" हार्मेन म्हणाला.

"एकतीसला फ्लूर माझ्याकडे नसते," रेमको म्हणाला. "विषम आठवडे माझे, सम आठवडे तिच्या आईचे. एकतीस मे म्हणजे बाविसावा आठवडा."

"एका शनिवारापुरतं तिच्या आईला सांगता येणार नाही?"

"येईल की. मग ती मला ते वर्षभर ऐकवत बसेल."

एव्हाना तिघांचेही फोन बाहेर आले होते. तिघं खाली माना घालून बोटाने महिने पुढे सरकवत होती.

"सात जून माझी ड्युटी," आल्के म्हणाली. ती घरोघर जाऊन म्हाताऱ्यांना आंघोळ घालायचं, त्यांच्या पायांत घट्ट मोजे चढवायचं काम करायची. म्हातारे शनिवारी पण असतातच, असं ती म्हणायची.

"एकवीसला मी घर बदलतेय," मारित म्हणाली. "तुम्ही सगळे सामान उचलायला येणार आहात. विसरलात ना? मला वाटलंच."

"चौदा राहिला," हार्मेन म्हणाला.

"चौदाचा आठवडा सम!" रेमको आणि आल्के एकदमच म्हणाले आणि हसले. हार्मेनला हसू आलं नाही. त्याने केक संपवला आणि बशी खुर्चीखाली ठेवली.

एकतीस वर्षं तो कालव्यावरचा उचलता पूल सांभाळत होता. बोटीने भोंगा दिला की फाटक पाडायचं, गाड्या थांबवायच्या, पूल वर घ्यायचा. बोट मधून जात असताना गळाच्या काठीला बांधलेला लाकडी बूट तिच्यावर सोडायचा, बोटवाले त्यात टोलची नाणी टाकत. एप्रिल ते ऑक्टोबर, शनिवार-रविवार धरून. आता तो पूल वीस किलोमीटरवरच्या कचेरीतून कॅमेऱ्यात बघून उचलतात. ज्या माणसाने डॉक्टरांना, दूधवाल्यांना, एकदा तर नवरीच्या गाडीलाही मुकाट्याने थांबायला लावलं, त्याला स्वतःची तीन मुलं एका शनिवारी थांबवता येत नव्हती.

आणि हा शनिवार त्याला हवाच होता.

त्याची बायको फेन्ना आठ वर्षांची असताना वडिलांबरोबर त्या बेटावर गेली होती. तिथे सुरय पक्ष्यांची वसाहत होती. हजारो पक्षी, वाळूवर घरट्याला घरटं लागून. एका सुरयने झडप घालून तिच्या वडिलांच्या टोपीला चोच मारली होती. दर वसंतात फेन्नाला ही गोष्ट आठवायची आणि ती विचारायची, "या वर्षी जाऊ या का, सगळे?" तो म्हणायचा, "सीझन संपू दे." सीझन ऑक्टोबरच्या शेवटी संपायचा. तोवर सुरय आफ्रिकेला पोचलेले असायचे. हे दोघांनाही माहीत होतं, तरी ती विचारायची आणि तो तेच उत्तर द्यायचा. मुलांना घेऊन ती एकटी सहज गेली असती, पण सगळे असू तेव्हाच, असा तिचा हट्ट होता. तो निवृत्त झाला त्याच्या पुढच्या वसंतात तिचे उपचार सुरू झाले.

गेल्या शरदात इस्पितळात तो तिला म्हणाला होता, "पुढच्या वर्षी सगळे जाऊ. मी जमवतो."

"तू? तू जमवणार?" असं म्हणून ती इतकी हसली, की शेजारच्या खाटेवरच्या बाईने पडदा सरकवून बघितलं. नोव्हेंबरात ती गेली.

यातलं मुलांना त्याने काहीच सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर ती नक्की आली असती. पण अंत्यविधीला आल्यासारखी तोंडं करून आली असती, आणि तसं त्याला नको होतं.

वाढदिवसानंतर दोन दिवसांनी आल्केने सगळ्यांना फोनवर एक तक्ता पाठवला. त्यात मे ते ऑगस्टचे सगळे शनिवार होते. जमत असेल तिथे हिरवी खूण करायची, नसेल तिथे लाल, आणि अगदीच वेळ आली तर जमेल, तिथे पिवळी. हार्मेन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी चष्मा लावून बसला. एकेका तारखेवर बोट दाबायला त्याला पाऊण तास लागला.

संध्याकाळी रेमकोचा फोन आला. "बाबा, हे काय करून ठेवलंत? सगळीकडे हिरवं!"

"मला सगळे दिवस जमतात."

"अहो पण सगळंच हिरवं म्हणजे तुम्ही काहीच सांगितलं नाहीत. तुमची काही पसंती?"

"मेमध्ये. नाहीतर जून. तेव्हा पक्षी असतात."

"मेमध्ये तीन लाल, जूनमध्ये चार लाल. तुम्ही बघितलं की नाही?"

"बघितलं. लालच जास्त दिसतंय."

"मग? आम्ही काय मुद्दाम करतोय?"

"मी तसं म्हटलं नाही."

"तुमच्या आवाजातच आहे ते," रेमको म्हणाला, आणि मग जरा नरमून, "बघू या ना बाबा. पक्षी काय, पुढच्या वर्षीही येतील."

हार्मेनने फोन ठेवला आणि उगाचच भांड्यांचं कपाट उघडून जोरात लावलं. आतल्या काचेच्या ग्लासांचा आवाज झाला. त्याला तो आवाज आवडला नाही, म्हणून त्याने परत उघडून हळू लावलं.

मे असाच गेला. नीन्के पोहण्याच्या परीक्षेत पास झाली. परीक्षेत कपडे आणि बूट घालून पाण्यात उडी मारावी लागते. सगळे आजी-आजोबा तलावाच्या काठावर बसून टाळ्या वाजवत होते, हार्मेननेही वाजवल्या. त्या दिवशी बेटावर दुसरेच कोणी सहा जण गेले असतील, हा विचार मात्र त्याच्या डोक्यातून गेला नाही. अभयारण्यातली माहितगार बाई लोकांना वसाहतीजवळ घेऊन जायची ती फक्त शनिवारी, आणि मोजक्याच लोकांना.

एकवीस जूनला मारितचं सामान हलवताना तिच्या नव्या घराच्या जिन्यात धुण्याचं यंत्र अडकलं. जिना इतका अरुंद की माणूससुद्धा आडवा होऊन जायचा. रेमको वर, हार्मेन खाली, मध्ये यंत्र. रेमको दोरी आणायला गेला तेव्हा मारित पायरीवर बसली.

"बाबा, एक सांगू? रागावणार नसाल तर."

"माझ्या छातीवर धुण्याचं यंत्र आहे. सांग."

"तुम्ही विचारता ना, कधी जमेल म्हणून. आई कधीच विचारायची नाही. ती फोन करून सांगायची, रविवारी अकरा वाजता, बूट घेऊन ये, बाकी दोघं हो म्हणालेत, तुझंच राहिलंय."

"आणि ते हो म्हणालेले असायचे?"

"कुठलं! ती तिघांनाही तेच सांगायची. आम्हाला कितीतरी वर्षांनी कळलं." मारित हसली. "कळल्यावरही आम्ही येतच राहिलो."

हार्मेनला हे माहीत नव्हतं. तिच्या फोनकडे त्याने कधी लक्षच दिलं नव्हतं. रविवारी मुलं यायची, टेबलावर सूप असायचं. ती आपोआप येतात, असंच त्याने धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने रेमकोला फोन लावला. बोलायचं ते आधी एका कागदावर लिहून घेतलं होतं.

"पाच जुलै, शनिवार. सत्ताविसावा आठवडा, तुझाच आहे. आल्के आणि मारित हो म्हणाल्या. तुझंच राहिलंय."

पलीकडे कप बशीत ठेवल्याचा आवाज आला.

"बाबा, मी आत्ताच आल्केशी बोललो. पाचला तिची ड्युटी आहे."

"तिने मला हो म्हटलं."

"कधी?"

"सकाळी."

"बाबा, आल्के माझ्या समोर बसलीये. आम्ही कॉफी पितोय."

मागून आल्केचा आवाज आला, "काय झालं? बरे आहेत ना ते?"

"बरे आहेत," रेमको म्हणाला. "थापा मारायला लागलेत."

दोघं हसल्याचं हार्मेनला ऐकू आलं. त्याने कागद चुरगळून शेगडीजवळच्या डब्यात टाकला. फेन्नाला जे एका वाक्यात जमायचं ते त्याला कागदावर लिहूनही जमलं नाही, याची त्याला इतकी चीड आली, की त्या आठवड्यात त्याने कोणालाच फोन केला नाही. कोणी विचारलंच तर सांगायचं, खड्ड्यात गेले पक्षी, असंही त्याने ठरवलं. पण कोणी विचारलं नाही.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात आल्केचा निरोप आला. तक्त्यात सहाही हिरव्या खुणा असलेला एकच दिवस निघाला होता, शनिवार, दोन ऑगस्ट. खाली रेमकोने उंचावलेल्या अंगठ्याचं चित्र टाकलं होतं. मारितने लिहिलं होतं, "शेवटी एकदाचं!! कोणी आजारी पडलं तर याद राखा."

हार्मेनने अभयारण्यात फोन लावला. तीच माहितगार बाई होती.

"दोन ऑगस्टला सहा जण," तो म्हणाला.

"दोन ऑगस्टला मी कोणाला नेत नाही, साहेब. तुम्ही आपले आपण जाऊ शकता, वाट मोकळी असते. पण तिथे काही नसेल."

"काही म्हणजे?"

"सुरय नसतील. पिल्लं आत्ताच उडायला लागली आहेत. अजून दोन आठवडे, फार तर. मग जागा रिकामी."

"एखादासुद्धा नाही?"

"कावळा दिसेल एखादा," ती म्हणाली. वाईट बाई नव्हती, खरं तेच सांगत होती. "या शनिवारी या ना. दोन जागा आहेत माझ्याकडे."

"आम्ही सहा आहोत," हार्मेन म्हणाला आणि त्याने तिचे आभार मानले.

मग त्याने आल्केचा नंबर लावला. सांगून टाकायचं आणि मोकळं व्हायचं. यंदा नाही जमलं. जून हातचा गेला, त्याला कोण काय करणार.

आल्केने फोन उचलला तेव्हा ती गाडीत होती. मागे इंडिकेटरची टिकटिक ऐकू येत होती.

"बाबा, आता तुम्ही काही जमत नाही म्हणून सांगणार असाल ना, तर आधीच सांगते, मी रडेन. दोन रविवार बदलून दिलेत मी या शनिवारासाठी. फ्लूरच्या आईने त्यांची सहल एक दिवस पुढे ढकलली. रेमकोने तिला स्वतः फोन केला, कळतंय का तुम्हाला? रेमकोने! मारितने गाडीचं तिकीट काढलंय. बोला, काय?"

हार्मेन खिडकीशी उभा होता. बाहेर शेजारी कुंपण कापत होता.

"बाबा?"

"काही नाही," तो म्हणाला. "खायला काय आणायचं, ते विचारत होतो."

"अय्या. एवढंच ना? चीज आणि ब्रेड मी आणते. तुम्ही कॉफी आणा. दोन थर्मास."

"दोन आणतो."

दोन ऑगस्टला आभाळ स्वच्छ होतं आणि वारा जोराचा होता. सगळे आले. धक्क्यावर सगळ्यात आधी हार्मेन पोचला होता. फेरीबोटीत नीन्के वरच्या डेकवरून खाली येईना. फ्लूर अकरा वर्षांची, कानात गाण्यांचे बोळे घालून बसली होती. बेटावर सायकली भाड्याने घेऊन सगळे बांधावरून निघाले. रेमकोने कामावरच्या कोणाची तरी दुर्बीण मागून आणली होती, ती त्याच्या पोटावर आपटत होती. सात किलोमीटरात नीन्केने चार वेळा विचारलं, "ते डोक्यावर चोच मारतील का?" आणि मारितने चारही वेळा सांगितलं, "मारतील. आधी तुझ्या मामाला."

हार्मेन सगळ्यांच्या मागे होता.

अभयारण्याच्या लाकडी कुंपणाशी वाट संपली. कुंपणावर सुरयचं रंगीत चित्र असलेला फलक होता, पांढरा पक्षी, डोक्यावर काळी टोपी. फलकापलीकडे वाळू होती, तुडवलेलं गवत होतं, आणि गवतावर वाळलेल्या विष्ठेचे पांढरे डाग. दूरवर समुद्र होता. आवाज फक्त वाऱ्याचा होता.

"कुठे आहेत?" नीन्के म्हणाली.

रेमकोने दुर्बिणीतून डावीकडून उजवीकडे बघितलं, मग उजवीकडून डावीकडे. "काही नाहीये."

"गेलेत," हार्मेन म्हणाला.

"गेलेत म्हणजे?" आल्के त्याच्याकडे वळली. "बाबा, तुम्ही फोन केला होतात ना इथे?"

"केला होता."

"मग त्यांनी सांगितलं नाही?"

"माझंच राहिलं," हार्मेन म्हणाला. "तारखेचं नीट विचारायचं राहिलं."

"दोन रविवार, बाबा! दोन रविवार दिलेत मी!"

"कमाल आहे," रेमको म्हणाला. त्याने दुर्बीण गळ्यातून काढली. "एकतीस वर्षं कुठली बोट किती वाजता येणार ते तोंडपाठ. आणि मे महिन्यापासून आम्हाला पक्षी पक्षी करून भंडावून सोडलंत, ते असतात कधी एवढं विचारता आलं नाही?"

"नाही आलं."

"आई असती तर..." रेमको म्हणाला आणि थांबला.

"हो," हार्मेन म्हणाला.

मारित मात्र बापाकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिने जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि म्हणाली, "परतीची बोट चारला आहे. भूक कोणाकोणाला लागलीये?"

कुंपणाजवळ एकच बाक होता. सगळे त्यावर दाटीवाटीने बसले, थर्मास उघडले, ब्रेड वाटला. वाळू कॉफीत येत होती.

"पण ते ओरडतात कसे?" नीन्के म्हणाली. "ते तरी सांगा."

"कीर्रक," रेमको तोंडात घास असतानाच म्हणाला.

"ई, असं नाही!" मारित म्हणाली. "आई असं कुठे करायची? किर्री-रिक्! किर्री-रिक्! असं. शेवटी वर जायचा आवाज."

"तू तेव्हा तीन वर्षांची होतीस, तुला काय आठवतंय?" आल्के म्हणाली. "दोनदा खाली आणि एकदा वर. आणि हात असे, टॉवेल धरून. मी टबात, डोक्याला साबण, आणि आई दारातून यायची झडप घालत. किर्र-किर्र-रिक्! आणि इथे, टाळूवर चोच!"

"बोटांची चोच," रेमको म्हणाला. "दुखायचं, बरं का."

"तू रडायचास."

"मी? तू केस धुवायला नको म्हणायचीस, म्हणून तर ती करायची!"

फ्लूरने कानातला एक बोळा काढला. आल्के उभी राहून हात पसरून दाखवत होती, रेमको तिला चुकीचं आहे म्हणून ओरडत होता. रिकाम्या वाळूकडे तोंड करून ती तिघं आळीपाळीने किंचाळत होती, हसून हसून आल्केच्या डोळ्यांना पाणी आलं होतं.

हार्मेन ऐकत होता. उन्हाळ्यात शेवटची बोट नऊला जायची. तो घरी पोचायचा तेव्हा मुलं झोपलेली असायची, न्हाणीघराची फरशी पुसलेली असायची, टॉवेल दांडीवर असायचा. फेन्ना त्याचं ताट वाढायची. तेव्हा तिने कधी असा आवाज काढला नव्हता.

"आजोबा, आता तुम्ही," नीन्के म्हणाली. "यातलं कोणाचं बरोबर? आजी कसं करायची?"

तिघं त्याच्याकडे बघायला लागली.

"मला नाही येत," तो म्हणाला.

"थोडंसं तरी!"

"मी ऐकलंच नाही कधी."

आल्के परत बाकावर बसली. बाक चौघांचा होता आणि त्यावर सहा जण होते. हार्मेन कडेला अर्धाच टेकला होता, एक पाय वाळूत रोवून त्याने सगळा भार त्यावर घेतला होता.

"बाबा, नीट बसलात ना?" आल्केने विचारलं. "सरकू का?"

"बसलोय," तो म्हणाला. "तू ते परत कर. दोनदा खाली आणि एकदा वर."